खरखरीत फळी

त्या वर्षी ऊन असं पडलं की लाकूडसुद्धा तडकू लागलं. मिस्त्रीच्या ओसरीवर रचलेल्या फळ्या भर दुपारी टक् टक् वाजायच्या, कोणी आतून नख मारत असल्यासारख्या. पावसानं पाठ फिरवली होती. घर बांधायला कोणी काढत नव्हतं, औतं कोपऱ्यात पडून होती. ज्याला दार हवंच असायचं तो मोठ्या गावाहून तयार दार आणायचा. ती दारं जिथं दाबून चिकटवतात त्या कारखान्यात मिस्त्रीचा मुलगाच कामाला होता. त्यामुळे म्हाताऱ्याला त्या दारांना धड शिव्याही देता येत नव्हत्या.

त्यात त्याचा उजवा हात. हिवाळ्यापासून तो थरथरायला लागला होता. मांडीवर नुसता ठेवला तरी थरथरायचा. पटाशी धरली की तिची धार रेषेवर बसण्याऐवजी रेषेच्या आजूबाजूला नाचायची. मग हळूहळू हत्यारं सुनेच्या हातात गेली. आधी 'जरा धर', मग 'एवढं कापून ठेव', आणि मग काहीच न सांगता. गावाला मात्र मिस्त्री सांगायचा, ती नुसती हाताखाली असते. घरातून बाहेर पडणारी प्रत्येक वस्तू 'मिस्त्रीच्या हातची' म्हणूनच जायची. सुनेनं त्यावर कधी ब्र काढला नव्हता.

अशाच एका दुपारी शाळेतल्या विज्ञानाच्या बाई पिशवी घेऊन आल्या आणि पिशवीतली वस्तू त्यांनी ओसरीवर मांडली. लाकडी गाडीचा सांगाडा होता. चाकं तीनच. मिस्त्रीनं तो उचलला तर तळातून पिठासारखा भुसा गळला.

"वाळवी," तो म्हणाला.

"प्रयोगाच्या सामानाची सगळी पेटीच खाल्ली," बाई म्हणाल्या. "आणि नेमके आत्ताच तपासणीचे साहेब यायचेत. वरचे वर्ग इथं ठेवायचे की मोठ्या गावच्या शाळेला जोडायचे, ते ठरवायला. वरच्या वर्गांना प्रयोग करता आले पाहिजेत असा नियम आहे. मुलांनी करायचे, मी नाही. विकत मागवायचं तर येईपर्यंत साहेब येऊन जातील."

आतल्या बाजूला रंध्याचा आवाज थांबला. मिस्त्रीची नात त्याच वरच्या वर्गात होती. घरात आणि शाळेत तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण एका जागी उभी राहायचीच नाही. मोठ्या गावची शाळा ओढ्यापलीकडे, माळ ओलांडून. पोरं सायकलनं जातील. पोरी काही दिवस जातील, मग पावसाळा येईल, मग कोणाची तरी आई आजारी पडेल. सुनेला हे कोणी सांगायची गरज नव्हती. तिच्या माहेरी असाच वरचा वर्ग हलवला होता आणि तिची शाळा तिथंच संपली होती.

"काय काय लागेल बाई?" तिनं दारातूनच विचारलं.

"एक गाडी, नीट पळणारी. उतरती फळी, कप्पी. आकडा लावलेला एक ठोकळा. आणि त्याला ओढायला दोन फळ्या, एक गुळगुळीत, एक खरखरीत."

"खरखरीत म्हणजे?" मिस्त्रीनं विचारलं.

"खरखरीत म्हणजे खरखरीत. हात फिरवला तर लागेल अशी."

मिस्त्री हसला. "बाई, अशी फळी आजवर कोणी मागितली नाही माझ्याकडे. अशी फळी गेली तर लोक भांडायला येतात."

गाडीपासून सुरुवात झाली. चाकं सुनेनं कापली, आसाची भोकं मिस्त्रीनं पाडली. भोक पाडण्यात काय आहे, ते तर आपण डोळे मिटून पाडतो, असं म्हणत त्यानं सामता हातात घेतला होता. संध्याकाळी बाई आल्या. त्यांनी गाडी ओसरीच्या फरशीवर ठेवली आणि हलकेच ढकलली. गाडी सरळ निघाली, मग मान वळवल्यासारखी डावीकडे गेली आणि भिंतीला धडकली.

"फरशी उतरती असेल," मिस्त्री म्हणाला.

बाईंनी गाडी उलट दिशेनं सोडली. ती पुन्हा स्वतःच्याच डावीकडे गेली.

"नाचता येईना, अंगण वाकडं," भिंगरी पुटपुटली आणि आईनं डोळे वटारल्यावर गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री उठायच्या आत सुनेनं मागच्या आसाच्या भोकात खुंटी ठोकून ते बुजवलं होतं आणि काटकोन बघायचा गुण्या लावून नवं पाडलं होतं. मिस्त्रीनं ते पाहिलं. बुजवलेल्या खुंटीचं टोक तिनं इतकं बेमालूम घासलं होतं की दुसऱ्या कोणाला दिसलंच नसतं. चहा त्यानं त्या दिवशी अंगणात बसून घेतला.

गाडी आता सुतात पळू लागली. बाईंनी तिच्यावर तळाला बारीक भोक पाडलेला डबा बांधला आणि त्यात रंगाचं पाणी भरलं. खाली कागदाची लांब पट्टी अंथरली. गाडीला दोरा बांधून तो कप्पीवरून सोडला आणि खाली लटकवला एक दगड. भिंगरीनं गाडी धरून ठेवली होती. "सोड," बाई म्हणाल्या.

गाडी निघाली. थेंब पडत गेले. पहिले ठिपके एकमेकांना चिकटून होते, मग सुटे झाले, आणि पुढं पुढं त्यांच्यामधली जागा वाढतच गेली.

मिस्त्री गुडघ्यावर हात टेकून वाकला आणि कागदाकडे बघत राहिला. आयुष्यभर त्यानं गाड्या केल्या होत्या, बैलांच्या, हाताच्या, पोरांच्या खेळायच्या. त्या पळतात हे त्याला माहीत होतं. पळणं असं कागदावर उमटतं, हे माहीत नव्हतं.

"दगड तर तेवढाच आहे," तो म्हणाला. "मग वेग वाढतो कशाला? सुरुवातीला मिळाला तेवढाच राहायला हवा."

"मलाही लहानपणी तसंच वाटायचं," बाई म्हणाल्या. "पण दगड एकदा ओढून थांबत नाही ना. ओढतच राहतो. ओढ तेवढीच राहते, म्हणून वेग वाढत जातो. ओढ नसती तर आहे तोच वेग राहिला असता."

"आणि माझी बैलगाडी? बैल तर ओढतच राहतात. ती कुठं वाऱ्यासारखी सुटते?"

बाईंचे डोळे चमकले. "कारण रस्ता मागं ओढतो. म्हणूनच तर मला खरखरीत फळी हवी."

मिस्त्रीनं मान डोलावली. बाईंबद्दल त्याला त्या दिवसापासून आदर वाटू लागला. गावात शहाणे पुष्कळ होते, पण उलटा प्रश्न विचारला की खूश होणारा शहाणा तो पहिल्यांदाच पाहत होता.

गुळगुळीत फळीला काहीच वेळ लागला नाही. ती या घराच्या रक्तातच होती. खरखरीत फळीनं मात्र सुनेचा घाम काढला. तिनं आधी नुसती करवतीखालून निघालेली फळी दिली. बाईंनी ठोकळ्याच्या आकड्यात ताणकाटा अडकवला आणि ठोकळा सावकाश ओढला. स्प्रिंग ताणली की ओढ किती ते काटा दाखवतो. इथं काटा एका जागी एक दाखवी, वीतभर पुढं दुसरंच.

"वहिनी, खरखर हवी, पण सगळीकडे सारखी."

"म्हणजे बिघडवायची, पण नीट," सून म्हणाली.

"अगदी तसंच."

मग ती जाड कानस घेऊन बसली. डाव्या हाताचा तळवा फळीवर, उजव्या हातात कानस. एकाच दिशेनं, एकाच दाबानं. कपाळावरचा घाम फळीवर पडू नये म्हणून तिनं पदर डोक्याला घट्ट गुंडाळला होता. मधूनच ती डोळे मिटून फळीवर बोटं फिरवायची आणि जिथं कमी लागेल तिथं परत घासायची. बोटांची कातडी निघाली तसं चिंधी बांधून घासू लागली. मिस्त्री खांबाला टेकून बघत होता. असा हात त्यानं शिकवला नव्हता. त्यानं शिकवलेला हात उंचवटे काढायचा. हा उंचवटे सगळीकडे सारखे वाटून देत होता.

बाईंनी मोजून बघितलं. काटा हलला, पण थोडाच. "चालेल," त्या म्हणाल्या. मग त्यांनी फळीवर ठोकळा ठेवला, फळीचं एक टोक उचललं, आणि किती उचलल्यावर ठोकळा घसरतो ते भिंगरीला दाखवलं. मिस्त्रीला राहवेना. "मी बघू?" म्हणत त्यानंही उचलली. ठोकळा बराच लवकर घसरला.

"असं कसं?" तो म्हणाला.

"तुमचा हात थरथरतो ना," बाई सहज म्हणाल्या. "हादऱ्यानं पकड सुटते. ही पण खरं तर नोंद करण्यासारखी गोष्ट आहे."

बाईंच्या मनात काही नव्हतं. पण मिस्त्रीनं हात धोतराला पुसला आणि मागं घेतला.

फळी तयार होऊन भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिथंच घोटाळा झाला. समोरच्या लोहाराचं येणं-जाणं ओसरीवरूनच. तो तंबाखू मळत फळीपाशी थांबला, बोट फिरवलं आणि झटक्यात मागं घेतलं.

"अरे मिस्त्री, कूस गेली की बोटात. ही कोणाची?"

"शाळेची."

"शाळेची? पोरांच्या हातात द्यायला?" लोहार हसला. "रंधा विकलास की काय? नाही, वय झालं की माणसानं सांगावं. लोक समजून घेतात."

"तशीच हवी आहे त्यांना."

"हो तर. माझ्याकडेही परवा एकजण आला होता, बोथट विळा मागायला."

लोहार गेला, पण त्याचं हसू ओसरीवरच राहिलं. दिवसभर जो येईल तो फळीकडे बघे, मग मिस्त्रीच्या हाताकडे बघे. तोंडानं कोणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं. मिस्त्रीनं फळी उलटी करून ठेवली. उलटी बाजू त्याहून खरखरीत दिसली.

साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी सकाळी टँकर आला. सून हंडे घेऊन रांगेत गेली, भिंगरी तिच्यामागं कळशी घेऊन. ओसरीवर मिस्त्री आणि फळी असे दोघंच उरले.

त्याला काही वाईट करायचं नव्हतं. थोडा हात फिरवू, कुसा तेवढ्या काढू, असं म्हणून त्यानं फडताळातला मोठा रंधा उचलला. हा त्याचा खास रंधा. त्याचं पातं त्यानं कधी कोणाला धार लावायला दिलं नव्हतं. रंधा फळीवर टेकवला, अंगाचं वजन टाकलं, आणि हात थांबला. इतक्या महिन्यांनी थांबला. थरथर जणू दाबाखाली चिरडली गेली. रंधा सळसळत गेला आणि पापुद्र्यासारखी अखंड ढलपी वर उलगडली. मग दुसरी. मग त्याला थांबायचं भानच राहिलं नाही. दोन्ही बाजू आरशासारख्या झाल्यावर त्यानं चिंधी जवसाच्या तेलात बुडवून फळीवर चोळली. लाकडाच्या रेषा मधासारख्या उठून आल्या. म्हातारा कित्येक महिन्यांत इतका सुखी झाला नव्हता.

सून डोक्यावर हंडा घेऊन अंगणात आली आणि जागच्या जागी थांबली. पायाशी ढलप्यांचा ढीग होता. तिनं हंडा उतरवला. पुढं होऊन ठोकळा फळीवर ठेवला आणि टोक जरा उचललं. ठोकळा सरकन खाली आला आणि मिस्त्रीच्या पायाशी पडला.

तेव्हा कुठं मिस्त्रीच्या लक्षात आलं.

"आजोबा, हे काय केलंत," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "उद्या साहेब आहेत."

"पोरी, अशी फळी घराबाहेर जायची म्हणजे..." म्हातारा सुनेकडे बघून म्हणाला.

"मामंजी, छान झाली आहे," सून म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच म्हाताऱ्याला मान वर करता येईना. "पण छान फळी आपल्याकडे एक होतीच."

तिनं चिंधी बांधलेल्या बोटांकडे पाहिलं. कानशीनं तेवढं पुन्हा करायचं तर दोन दिवस हवेत, आणि तेल प्यायलेल्या लाकडावर कानस भरून येणार. ओसरीवरच्या बाकी फळ्या उन्हानं तडकलेल्या, दुसरी सरळ रेषांची फळी घरात नव्हती. ती उंबऱ्यावर बसली. तिनं तो मोठा रंधा मांडीवर उलटा घेऊन पात्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "हे पातं बिघडवलं तर?"

"कुठलं?"

"हेच. धारेला करवतीसारखे दात पाडायचे, बारीक, सारख्या अंतरावर. मग रंधा जिथं जिथं जाईल तिथं सारख्याच रेघा उठतील. तेलाचा थरही निघेल. माणसाच्या दाबावर काही राहणार नाही."

मिस्त्रीनं रंधा तिच्याकडून घेतला. ते पातं त्याच्या गुरूनं मरताना दिलं होतं. पण त्याच्या मनात आत्ता ते नव्हतं. तिचं म्हणणं त्याला डोळ्यांपुढं दिसू लागलं होतं, रंध्यामागून रेघा उठत जाताना. हे त्याला सुचलं नसतं. त्याच्या गुरूलाही सुचलं नसतं. धार कशी राखायची यातच दोघांचे जन्म गेले होते.

"पातं कडक आहे," तो म्हणाला. "कानस घसरेल त्याच्यावरून. आधी नरम करायला हवं."

"मग लोहाराकडे मी जाते."

"तू बस. मी जातो."

लोहारानं पातं हातात घेतलं आणि उजेडात धरून बघितलं. "हे नरम करू? शुद्धीवर आहेस ना?"

"दात पाडायचेत."

"रंध्याच्या पात्याला? कोण पाडणार, तू?" त्याची नजर मिस्त्रीच्या हाताकडे गेली.

"माझ्याच्यानं नाही व्हायचं," मिस्त्री म्हणाला. "सून पाडेल. तू तापवतोस की दुसरीकडे जाऊ?"

लोहारानं एकदा त्याच्याकडे बघितलं, मग भाता ओढायला बसला. पातं लाल झालं तसं त्यानं ते राखेत पुरलं, सावकाश निवायला. मिस्त्री तिथंच दगडावर बसून राहिला.

दुपार कलली तेव्हा पातं घरी आलं. सुनेनं ते पकडीत आवळलं, खडूनं खुणा केल्या आणि तिकोनी कानशीनं एकेक दात पाडत गेली. कानशीचा आवाज किर्र किर्र करत ऐकणाऱ्याच्या दातांतून जायचा. प्रत्येक दाताला कानस सारख्याच वेळा फिरत होती. मिस्त्रीनं मनातल्या मनात मोजून बघितलं, एकदाही चुकली नाही. मग रंधा जुळवून तिनं तो त्याच्याकडे सरकवला.

"ओढा मामंजी. वजन तुमचं चांगलं पडतं."

त्यानं रंधा चालवला. फळीवर बारीक, एकसारख्या रेघा उमटल्या, नांगरलेल्या रानासारख्या. मग सुनेनं आडवा हात मारला, मग तिरपा. ऊन उतरायच्या आत फळी झाली. भिंगरीनं ताणकाटा लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकळा ओढला. काटा एकाच रेघेवर खिळून राहिला.

"आई," ती म्हणाली, "आधीच्यापेक्षा चांगली झाली."

साहेब सकाळीच आले. अंगानं बारीक, सदरा पाठीला चिकटलेला, बोलणं कमी. त्यांनी बाईंना खिडकीपाशी उभं राहायला सांगितलं. "मुलांनाच करू द्या." सामान पोचवायला आलेला मिस्त्री दाराशी उभा राहिला. सून बाहेर, खिडकीखालच्या सावलीत.

गाडी सुटली, थेंब पडले. साहेबांनी कागद उचलून विचारलं, "ठिपके लांब लांब का पडले? डबा आळसावला का?"

"नाही सर," भिंगरी म्हणाली. "थेंब तेवढ्याच वेळानं पडतात. तेवढ्या वेळात गाडीच जास्त पळते. दगड ओढतच राहतो ना."

मग फळ्या आल्या. गुळगुळीत फळीवर काटा कमी ताणला, खरखरीत फळीवर जास्त. साहेबांनी ठोकळा आडव्याचा उभा केला, अरुंद कडेवर. "आता टेकलाय कमी जागेवर. आता ओढ कमी लागेल की जास्त?"

"कमी," सगळा वर्ग म्हणाला.

"तुला काय वाटतं?" साहेबांनी भिंगरीला विचारलं.

"मला पण कमीच वाटतं. पण ओढून बघते." तिनं ओढलं. काटा पुन्हा त्याच रेघेवर गेला. तिनं परत ओढलं, फळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ओढलं. मग म्हणाली, "तेवढीच लागते सर. आम्ही चुकलो."

साहेब पहिल्यांदा हसले. त्यांनी फळीवर तळवा फिरवला, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. "पुष्कळ शाळांत खरखरीत म्हणून जे ठेवतात ते इथं एक दाखवतं, तिथं एक. मग मुलं काट्याला खोटं ठरवतात आणि पुस्तकातलं उत्तर सांगतात. ही कोणी केली?"

"आमचे हे मिस्त्री..." बाई सांगू लागल्या.

"नाही साहेब," मिस्त्री दारातून म्हणाला. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. "माझ्या सुनेनं केली. गाडीही तिचीच. मी ही फळी बिघडवली होती."

"बिघडवली म्हणजे?"

"गुळगुळीत केली होती."

वर्ग हसला, बाई हसल्या, साहेबही हसले. मिस्त्रीला त्या हसण्याचं काहीच वाटलं नाही.

"वर्ग इथंच राहतील, बाई," साहेब म्हणाले. "अशी उत्तरं देणारी मुलं हलवायची कशाला?" मग खिडकीकडे बघून म्हणाले, "फळी करणाऱ्या बाहेरच आहेत ना? आत बोलवा."

सून दारात आली. चपला काढाव्यात की नाही हे तिला कळेना. भिंगरीनं सरकून बाकावर जागा केली आणि ती तिथं बसली, बाकाच्या अगदी कडेला. साहेबांनी फळी तिच्यापुढं ठेवली. "तुमची फळी आहे, तुम्हीही ओढून बघा."

तिनं चिंधी बांधलेल्या बोटांत ताणकाटा धरला. हात जमिनीला समांतर ठेवून ठोकळा सावकाश ओढला, एकाच वेगानं, कुठंही न अडखळता. मग मान खाली घालून काटा डोळ्यांसमोर आणला.

"चार," ती म्हणाली, "आणि वर एक रेघ."

बाकांवरच्या सगळ्या माना खाली गेल्या आणि सगळ्यांनी ते लिहून घेतलं.